फाटकाशी उभी राहून बघ

नगर,
संक्रांतीचा आदला दिवस

प्रिय शेजारणीस,



अजून शेजारीणच म्हणते तुला. मिरजेच्या नर्सिंग हॉस्टेलात तुझी खाट माझ्या खाटेला लागून होती, मधे फक्त तुझी ती हिरवी ट्रंक. आता मधे समुद्र आले म्हणून नातं थोडंच बदलतं! (वरती 'नगर' लिहिलंय ते सवयीनं. सरकारदरबारी आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून जुन्याच वळणावर आहे.)

तुझा अकरा मिनिटांचा निरोप मी दोनदा ऐकला. एकदा हरभऱ्याचे घाटे सोलताना, आणि एकदा चष्मा लावून, म्हणजे लक्ष देऊन. मला कळलं ते असं : लेकीनं ब्रॅम्प्टनला घर घेतलं, जुनी मंडळी लांब राहिली, आणि आता रविवारी जायचं कुठं? जवळपास तीन ठिकाणं. एक नवं, मोठं, सिनेमागृहासारखं. तिथं पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, ढोल-गिटार असतात आणि दारात फुकट कॉफी. दुसरं जुनं दगडी देऊळ, वर गाणारे मोजून चौदा, सगळे पांढऱ्या केसांचे, आणि खाली तळघरात गुरुवारी डबाबंद अन्न वाटतात. तिसरी आपल्या मराठी लोकांची संगती, महिन्यातून एकदा भाड्याच्या हॉलमधे, उपासनेपेक्षा जेवण लांबणारी. आणि शेवटी तू विचारलंस, "चांगली मंडळी ओळखायची कशी गं?"

आता मी काही पाळक नाही. ईश्वरज्ञानाची परीक्षा कधी दिली नाही. छत्तीस वर्षं वॉर्डात काढली, तेवढीच माझी विद्या. पण त्या विद्येतली एक गोष्ट इथं लागू पडते बघ. पेशंट सुधारतोय हे चार्टवर चढायच्या आधीच आपल्याला कसं कळायचं, आठवतं? आदल्या दिवसापर्यंत 'माझं सलाईन, माझं इंजेक्शन, माझा डबा' करणारा माणूस सकाळी उठून म्हणायचा, "सिस्टर, त्या सात नंबरच्या आजोबांना रात्री झोप लागली का हो?" की आपण एकमेकींकडे बघायचो. हा आता घरी जाणार. ताप नंतर उतरायचा, पण माणूस त्या प्रश्नालाच बरा झालेला असायचा.

मंडळीचंही मला तेच वाटतं. गाणं किती चढतंय, बाकं किती भरलीत, उपदेश किती रंगला, हे सगळं चार्टवरचं. मला बघायचं असतं ते हे, की तिला शेजारच्या खाटेची चौकशी आहे की नाही.

माझ्या माहेरच्या मंडळीचं तुला थोडंफार माहीत आहे. नेवासे तालुक्यातलं गाव, बाभळींच्या पट्ट्याला लागून मिशनच्या काळातलं आवार, आत शाळेच्या दोन खोल्या, देऊळ आणि विहीर. आमच्या आजीच्या तोंडी 'चर्च' हा शब्द कधी आलाच नाही, ती देऊळच म्हणायची. त्या देवळाचा सगळ्यात मोठा दिवस नाताळ नव्हता, हंगामाचा सण होता. हार्वेस्ट म्हणतात आता सगळे. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, गवारीच्या जुड्या, कुणाची शेळी, कुणाचा कोंबडा, असं सगळं वेदीपुढं मांडायचं, प्रार्थना व्हायची, आणि मग बाहेर चिंचेखाली लिलाव. कोंबड्याची तर मजाच. पहिला घेणारा पैसे भरायचा आणि कोंबडा पुन्हा पुढं करायचा, "बोला, फिरून बोला!" असा एकच कोंबडा चार-पाचदा विकला जायचा. तो बिचारा या बगलेतून त्या बगलेत, आणि शेवटी कुणाच्या रश्श्यात गेला हे कुणाला नीट कळायचंच नाही.

पण मला आज आठवतात ती चिंचेच्या पलीकडची माणसं. लिलावाला अख्खं गाव असायचं. पाटलांचे धाकटे भाऊ भोपळ्यावर बोली लावायचे आणि मुद्दाम वाढवत न्यायचे. बांगड्यांवाले कासारकाका दरवर्षी अंडी घ्यायचे. मुलाणी चाचा शेळीकडे असे बघायचे की शेळीच घाबरायची. पाटलांच्या घरून पायलीभर बाजरीही यायची, "शाळेतल्या बाईंच्या देवाला" म्हणून. आमचा देव त्या गावात अशा नावानं ओळखला जायचा. बाईंचा देव. मला वाटतं, देवाला त्याचं काही वाईट वाटलं नसावं.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेली माणसं, हे तूही पाहिलंयस. त्या साली आमच्या आवारातल्या विहिरीला गुडघाभर का होईना पाणी होतं. तेव्हाच्या पाळकांनी एकच केलं. फाटकाची कडी उपटून काढली आणि घरात नेऊन ठेवली. रात्री दोनला घागर घेऊन कुणी आलं तर त्याला हाक मारायला लागू नये म्हणून. त्यावर त्यांनी उपदेश केला नाही की फलक लावला नाही. आई सांगायची, पाळकबाई मात्र रोज कुरकुर करायच्या, कारण रात्रभर रहाटाच्या करकरीनं त्यांना झोप लागायची नाही. कुरकुर करायच्या आणि पहाटे उठून रहाटाला तेल घालायच्या.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. पंचवीस-तीस वर्षांनी कमिटी बदलली, आवाराला पक्की भिंत झाली, फाटकाला कुलूप लागलं. 'बाहेरचे लोक घाण करतात.' मग लिलावात फक्त सभासदांनी बोली लावायची असा ठराव झाला. 'बाहेरच्यांमुळे गोंधळ होतो.' मग सभासद कोण यावरून दोन पार्ट्या पडल्या, निवडणूक, तक्रार, वकील. मी चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा एस.टी. स्टँडवर एका पोराला उगाच विचारलं, "बाळा, चर्च कुठंय रे?" तो म्हणाला, "ते का, कुलूपवालं?"

शेजारणी, मी तिथंच बसले गं, रसवंतीच्या बाकड्यावर. माझ्या लहानपणी ते बाईंच्या देवाचं घर होतं.

आणि बघ, आतलं काहीच बिघडलेलं नव्हतं. 'उपासना संगीत' तेच, प्रभुभोजन वेळच्या वेळी, शब्बाथशाळेचं नाताळचं नाटकसुद्धा चालू. फक्त शेजारच्या खाटेकडं बघायचं थांबलं होतं. भांडणं त्याच्या नंतर आली, आधी नाही. बाहेरचं काम हातात असलं की माणसांना भांडायला वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी ती पुन्हा लवकर बोलायला लागतात, कारण उद्या दोघांनाच मिळून सतरंज्या उचलायच्या असतात.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. १९७० साल. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे आपलं सी.एन.आय., स्थापन झालं. घराघरात त्या एकीची चर्चा. त्याच वर्षी रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं जामखेडला जाऊन बसलं. दोघं वेल्लोरला शिकलेले. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केलेलं, आणि तिथंच त्यांच्या लक्षात आलेलं की आपण बरे करून पाठवतो ते लोक त्याच आजारानं पुन्हा येतात. म्हणून जामखेडला ते फक्त हॉस्पिटल बांधून थांबले नाहीत. गावातल्या बायकांनाच त्यांनी शिकवलं. बऱ्याचशा निरक्षर, काही परित्यक्ता, कितीतरी दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, लहान मुलांचं वजन, सगळं त्या करायला लागल्या. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या मनात पुरस्कारापेक्षा बोअरची गोष्ट जास्त घर करून आहे. गावात पाण्याचा बोअर घ्यायचा तर जागा दलित वस्तीत निघेल असं त्यांनी पाहिलं. सवर्णांना पाणी हवं तर तिथं यावं लागणार. लहान पोरांना जेवण द्यायचं तेही सगळ्यांच्या पंगतीत. भाषण कुठंही नाही. हापसा काय तो बोलणार.

मी नोकरीत असताना तिथं एकदा प्रशिक्षणाला गेले होते. मनात थोडा तोरा होताच, आपण स्टाफ नर्स, मिरजेच्या. पुढं शिकवायला उभी राहिली एक नऊवारीतली बाई. तिनं रक्तदाबाची पट्टी अशी गुंडाळली की मी गप्प वहीत लिहायला लागले.

तू म्हणशील, हे हॉस्पिटलचं झालं, मंडळीचं सांग. पण आपली मिरज तरी काय होती? ते हॉस्पिटल काढणारे डॉक्टर विल्यम वानलेस तुझ्या त्या कॅनडातलेच, ओंटारिओतले. तिथल्या आणि अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या छोट्या देवळांतून दान गोळा झालं असेल, मिरज हा शब्द उच्चारता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनी थैलीत नाणी टाकली असतील, तेव्हा १८९४ साली ते हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्या पणज्यांचे मोतीबिंदू त्या नाण्यांवर निघाले. आज तू तिथं त्या म्हाताऱ्यांच्या नातवंडांच्या शेजारी बसून 'चौदाच लोक गातात' म्हणून नाक मुरडतेस, ही गंमत मला फार आवडली. रागावू नकोस.

बाहेरच्यासाठी जगणं म्हणजे दारोदार पत्रकं वाटणं, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडं तर हल्ली नुसतं मिशन म्हटलं की भुवया वर जातात, आणि काही वेळा त्याला आपणच कारण असतो, कारण आपण माणसं मोजत बसलो. सुवार्तेची मला लाज नाही. माझ्या आजोबांना ती कुणीतरी सांगितली म्हणून मी मिरजेपर्यंत पोचले. पण जखम धुताना पेशंटला 'तू आता माझा' म्हणायचं नसतं, एवढं तर पहिल्या वर्षाला शिकवतात. विचारलं तर सांगावं, मोकळेपणानं सांगावं. नाही विचारलं तर ड्रेसिंग नीट करावं.

बरं, दार उघडं ठेवलं आणि आत आलेल्या माणसाला काही कळलंच नाही, तर? त्या पडद्यावाल्या देवळाबद्दल तू म्हणालीस, "गाणी छान आहेत, पण सगळ्यांना आधीपासून येतात." हे मला लागलं. आपल्या इथंही तेच. नवा माणूस आला की आपण त्याच्या हातात पुस्तक देतो आणि नंबर सांगतो, आणि तो पानं उलटेपर्यंत गाणं संपतं.

नारायण वामन टिळकांना हेच छळायचं असं मला वाटतं. रत्नागिरीकडचा ब्राह्मण कवी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं आपल्या नगर-राहुरीचाच झाला. मराठी माणसानं देवापुढं साहेबी सुरात का गावं, असं वाटून त्यांनी भजनं लिहिली, अभंग लिहिले, कीर्तनं केली. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरला कृष्णराव सांगळ्यांनी आधीच पाडलेली होती. पण टिळकांची पावलं लांब. १९१७ मधे त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. येशूमागं जायचंय ना, मग या, बसा. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फारसा वाढला नाही. शंभर वर्षं झाली, मला अजून त्याचं वाईट वाटतं. फसलेल्या प्रयोगांत कधीकधी पुढच्यांचं बियाणं असतं. ते कुणी पेरलं नाही, ही आपली कसूर.

आणि टिळकांच्या बायको लक्ष्मीबाई! त्यांचं 'स्मृतिचित्रे' तुला मीच दिलं होतं, परत मिळालेलं नाही, नोंद घेणे. टिळक कुणालाही घरी घेऊन यायचे. अनाथ पोर, कवी, वाटेतला कुणी. बालकवी ठोमरे त्यांच्याकडंच राहिले होते. आणि हे सगळं निभावायचं कुणी? घरात पीठ किती आहे हे ज्यांना ठाऊक, त्यांनी. पाहुणचारावर पुरुष उपदेश फार छान करतात. मी हल्ली नव्या मंडळीत गेले की उपदेशापेक्षा स्वयंपाकघराकडं बघते. चहा कोण करतंय, कप कोण धुतंय, आणि अनोळखी माणसाच्या हातात पहिला कप कोण देतंय. लक्ष्मीबाई ज्या सोवळ्यातून आल्या त्यातून कुणाच्याही हातचं खाण्यापर्यंत त्या स्वतः चालत आल्या. नवऱ्यामागं ओढत गेल्या नाहीत. स्वतःशी भांडून, विचार करून आल्या. म्हणून त्यांच्या चुलीवर सगळ्यांना जागा झाली.

इथं एक कडू गोष्ट बोलायलाच हवी, कारण तू त्या मराठी संगतीबद्दल फार मऊ आवाजात बोललीस. आपले लोक एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि लग्न ठरवताना अजून कानात विचारतात, "मूळचे कोणते?" माझ्या भाचीच्या वेळी हे झालं. मुलगा उत्तम, दोन्ही घरं तीन पिढ्यांची ख्रिस्ती, आणि तरी बैठकीत तो प्रश्न आलाच. भाची हसून म्हणाली, "मूळचे आदामाचे." लग्न झालं, सुखात आहेत, पण दोन काका आले नाहीत. तर त्या संगतीत जा, पुरणपोळी खा, मराठीत पोटभर गा, पण कुठलं आडनाव कुठल्या टेबलावर बसतं ते बघ. आणि हेही बघ, की तुमच्या भागात तळघरांत दाटीवाटीनं राहणारी पंजाबी, गुजराती विद्यार्थी पोरं आहेत म्हणालीस, त्यांतल्या एकाला तरी कुणी त्या जेवणाला बोलावलंय का. मराठी संगतीत पंजाबी पोरगं कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला आमच्या गावच्या लिलावातल्या मुलाणी चाचांची गोष्ट सांग.

पैशाचं थोडक्यात सांगते : वार्षिक अहवाल वाचतात त्या दिवशी जरूर जा, आणि अर्पणातला किती रुपया, तुमच्याकडं डॉलर, भिंतींबाहेर गेला ते ऐक. रंगकाम, ध्वनिक्षेपक आणि भिंत यांतच आकडे संपले तर पर्स उचल.

आता माझी चूकही सांगते. मध्यंतरी काही वर्षं मी अगदी उलट टोकाला गेले होते. सेवा असली की झालं, उपासना-प्रार्थना बाकीच्यांचा छंद, असं म्हणायची. रविवारी मुद्दाम ड्यूटी लावून घ्यायची. मग हळूहळू माझ्या हाताला चिडचिड लागली. बेडपॅन देतानाही मनात हिशेब, मी किती करते, ही माणसं किती करत नाहीत. आत चूल विझलेली आणि मी बाहेर पंगत मांडून बसलेली. वाढणार काय? त्या काळात एकदा केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेले. पुण्याकडून येताना दौंडच्या अलीकडचं ते, तू ट्रेनमधून पाहिलं असशील. पंडिता रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईबाप गमावलेले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना. अंध बायकांसाठी बार्तिमी सदन, नाव त्या शुभवर्तमानातल्या आंधळ्या भिकाऱ्याचं. त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर मूळ भाषांवरून केलं आणि ते मुक्तीच्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून छापलं. आणि हीच जागा १९०५ साली प्रार्थनेच्या मोठ्या जागृतीनं हलून गेली. रात्र रात्र मुली गुडघ्यांवर. मला इतके दिवस वाटायचं की प्रार्थना करणाऱ्या बायका वेगळ्या आणि कंपोझिंग करणाऱ्या वेगळ्या. तिथं त्याच होत्या गं. शाईचे हात जोडलेले. त्यानंतर मी रविवारची ड्यूटी बदलून घेतली.

म्हणून तू म्हणालीस ना, की दगडी देवळातल्या त्या चौदा जणांची प्रार्थना "फार हळू, फार लांब" असते, ते मी वाईट लक्षण धरत नाही. गुरुवारी तळघरात डबे मोजणारे तेच हात असतील तर ती प्रार्थना लांबू दे. नावं असतील त्यात. त्यांना विचार, कुणासाठी करता? सगळी नावं चौदांतलीच निघाली तर गोष्ट वेगळी.

कॉफीवाल्या देवळालाही मी फुली मारत नाही. तरुण लेकीला, नातवाला तिथं आवडत असेल तर जाऊ दे. मोठं असणं हा काही आजार नाही. फक्त एक कर. एखाद्या रविवारी आत लगेच जाऊ नकोस. दहा मिनिटं आधी जा आणि फाटकाशी, किंवा तिथं जे काही असेल त्याच्याशी, उभी राहा. साधा कोट घाल, तो नातवाच्या पदवीदानाचा भारी नको. कोण थांबतं बघ. हसून 'वेलकम' म्हणणारे पुष्कळ भेटतील, ते कामच असतं काहींचं. पुढच्या रविवारी तुझं नाव कुणाला आठवतं ते बघ. आणि शेजारच्या दुकानदाराला विचार, हे चर्च उद्या बंद झालं तर तुमचं काय अडेल? "पार्किंग मोकळं होईल" म्हणाला तर समज. "गुरुवारी रांगेत असतात त्यांचं कसं होणार" म्हणाला तर तुला उत्तर मिळालं.

तू शेवटी एक वाक्य हळूच टाकलंस, ते मी दुसऱ्यांदा ऐकताना पकडलं. "मला इथं कशाचंच काही वाटत नाही गं, माझं गाव नाही हे." शेजारणी, यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय काढ. तेही पत्रच आहे, दूर बाबेलात नेऊन टाकलेल्या माणसांना लिहिलेलं. रडत बसा असं तो लिहीत नाही, उद्या परत येणार आहात असंही नाही. घरं बांधा म्हणतो, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेऊन टाकलंय त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याचं नगर म्हणजे आपलं नगर नव्हे, हे मला शब्बाथशाळेत फार उशिरा कळलं. मी कितीतरी वर्षं समजत होते की देवाला आमच्या जिल्ह्याची विशेष काळजी आहे.

तुझे हात अजून चांगले चालतात. त्या तळघरात रक्तदाब मोजणारं कुणी आहे का, ते विचारून बघ. तुमच्याकडं परवाना-बिरवाना लागत असेल. मग नुसते डबे लाव. मटारचे वेगळे, टोमॅटोचे वेगळे. तुला ट्रे लावायची हौस होतीच, मेट्रन तुझाच ट्रे सगळ्यांना दाखवायची आणि आम्ही जळायचो.

इथलं बाकी ठीक. गुडघा बोलतो, थंडीत जास्त बोलतो. हुरडा सुरू झालाय, परवा भाचीच्या शेतावर गेलो होतो, आगटीभोवती बसून तुझी आठवण काढली. जावईबापूंच्या त्या दोन काकांपैकी एक आले होते, पहिल्यांदाच. बोलले काही नाहीत, पण हुरडा स्वतः चोळून भाचीच्या पोराच्या ओंजळीत घालत होते.

लेकीला, नातवाला सलाम. गुरुवारचं कळव.

तुझी,
आठ नंबरच्या खाटेवरची

ता. क. – तू पाठवलेलं ते मेपल सिरप संपलं. पॅनकेकवर नव्हे, बाजरीच्या गरम भाकरीवर तुपाबरोबर. इथल्या पाळकबाईंना दिलं तर त्यांनी विचारलं, "काकवीच ना ही?" मी हो म्हटलं. पुढच्या वेळी दोन बाटल्या पाठव. आणि 'स्मृतिचित्रे'.